अमावास्येची पंगत

आमच्या विवेकवादी मंडळाची वार्षिक सभा साताऱ्यात दरवर्षी अमावास्येला भरते. त्या दिवशी हॉल हटकून मोकळा मिळतो, आणि अमावास्येला काही वाईट होत नाही हेही परस्पर सिद्ध होतं. सभेनंतर सगळ्यांचं जेवण. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मूळच्या मेढ्याकडच्या. बारा वर्षांत त्या एकदाही आल्या नव्हत्या. कारण देवाचं असणार, असं मी धरून चालले होते. एकदा त्याच म्हणाल्या, “उभ्यानं गुरं खात्यात. मी न्हाई येत.”

एवढंच होतं तर! मी भांडून पंगतीचा ठराव मंजूर करून घेतला. पुरुषांनी वाढायचं, हेही त्यात घुसडलं.

आत्या ठेवणीतलं इरकल नेसून आल्या, आणि आता काळजी मलाच. कुणी त्यांना शहाणपण शिकवलं तर? त्या पानावरून उठल्या, तर पुन्हा कधी यायच्या नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सभा दीडला संपली. चाळीस पानं मांडली. मंडळातल्या एका निवृत्त सुभेदारांनी कवायतीच्या शिस्तीत आमटी-भात वाढला, आणि सगळे गप्प बसून राहिले. कुणी सुरूच करेना. एरवी श्लोक झाला की पंगत जेवायला लागते. आमच्यात श्लोक नाही. उभ्यानं जेवताना हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

सचिवांनी दोन मिनिटं शांतता सुचवली. एक जुने मास्तर म्हणाले, शांतता म्हणजे प्रार्थनाच झाली. मग संविधानाची उद्देशिका वाचू, असं ठरत होतं, तर ती सकाळी वाचून झाली आहे, अशी हरकत आली. भाताची वाफ गेली.

इकडे आत्यांनी सवयीनं पानाबाहेर चार शितं ठेवली, पानाभोवती पाणी फिरवलं. समोरच्या मास्तरांनी ते पाहिलं. ते तोंड उघडणार, तोच आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आवं, भात निवला की. होऊ द्या सावकास.”

चाळीस हात एकदम भातात गेले. मास्तरांचा सगळ्यात आधी. आत्यांनी शिरा दोनदा मागून घेतला, वर सुभेदारांना “वाढताना हात आखडू नगा” म्हणून दटावलं. मला इतका आनंद झाला होता, की मी काय जेवले ते आजही सांगता येणार नाही.

पानं उचलायच्या आधी सचिवांनी ठराव मांडला: यापुढे पंगत सुरू करायचा मान आत्यांचा. त्या दिवशी उपसूचनेशिवाय मंजूर झालेला तो एकमेव ठराव.

रिक्षात आत्या घर जवळ आल्यावर म्हणाल्या, “आन् फुडल्या साली मी न्हाई आले तर?”

“उपाशी बसू,” मी म्हटलं.

“मग यावंच लागंल,” त्या पदर सावरत म्हणाल्या. “चाळीस मानसं उपाशी ठेवायचं पाप कुणी घ्यायचं?”