तातारभावजी

गाडीला किल्ली मारण्याआधी तीन धर्मांची प्रार्थना करणारा माणूस साऱ्या दोह्यात एकच, आणि तो नेमका अल हिलाल वस्तीत आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचा. पहिल्याच भेटीत मी त्यांना रशियन म्हणालो, तर म्हणाले, "रशियन हवाई दलात होतो. माणूस तातार आहे." त्या दिवसापासून बायकोने त्यांना तातारभावजी करून टाकलं. तरुणपणी रशियाच्या एका युद्धात ते हेलिकॉप्टरवर नॅव्हिगेटर होते. पायलट ख्रिस्ती, मेकॅनिक बुर्यात जमातीचा बौद्ध आणि हे मुसलमान. उड्डाणाआधी एक छातीवर क्रूसाची खूण करायचा, एक माळ ओढायचा, हे बिस्मिल्ला म्हणायचे. घाई असली की ज्याचं तोंड मोकळं तो तिघांचंही उरकून टाकायचा. त्यामुळे यांना सगळंच पाठ. पुढे बायकोने त्यात 'मोरया'ची भर घातली, आणि पार्किंगमध्ये यांच्या मागे अडकलेले लोक हॉर्न वाजवून थकू लागले.

एक शब्द मात्र त्यांना चालत नसे: शेवटचं. शेवटचं उड्डाण म्हणणारा परत येत नाही, ही त्यांच्या वैमानिकांची पक्की समजूत. त्याऐवजी ते 'कडेचं' म्हणत. फुटबॉल वर्ल्डकपच्या स्टेडियमवर ते क्रेनचं काम बघायचे. तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी काम संपलं की अरबीत 'खलास' म्हणणार आणि हे वॉकीटॉकीवर त्याची शिकवणी घेणार. एकदा आमच्याकडे जेवताना बायको म्हणाली, "शेवटची पोळी आहे, घ्या ना." भावजींनी ताट सरकवलं. मी खूण केल्यावर ती म्हणाली, "बरं, कडेची घ्या." मग पोळीही गेली आणि वर दोन वाट्या आमटीही. तिला यात वेडेपणा वाटला नाही. तिच्या माहेरी नाशकात दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात.

स्पर्धेला काही महिने उरले असताना तिकडे रशियाचं पुन्हा युद्ध पेटलं आणि त्या बुर्यात मेकॅनिकला सैन्यातून बोलावणं आलं. तो रोज सकाळी भावजींना फोनवर नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवायचा. मग आठवडाभर काहीच आलं नाही. भावजी आमच्या दारात येऊन उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

"निघताना तो 'जातो' म्हणाला," ते म्हणाले. "तुमच्यात काय म्हणतात?"

"आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, भावजी," बायको म्हणाली. "'येतो' म्हणतात."

त्यांनी तो शब्द चार-पाच वेळा घोळवला. मग मित्रासाठी व्हॉइस मेसेज सुरू केला आणि चक्क मराठीत म्हणाले, "येतो म्हण." पुढे त्याच मेसेजमध्ये बराच वेळ ते त्याला रशियनमध्ये त्याचा अर्थ समजावत राहिले.