पांढरा दगड

स्वतःची शिडाची बोट घेऊन आम्ही दोघं पहिल्यांदाच पलीकडच्या बेटाशी आलो आणि नांगर टाकला. तो रुतलाय की बोट खडकांकडे सरकतेय, हे किनाऱ्यावरच्या खुणेवरून कळतं, एवढं शिकलो होतो. मी एका पांढऱ्या दगडावर नजर लावली. जमिनीवर आपण जागेवर आहोत का, असं कुणाला विचारावं लागत नाही. पाण्यावर मात्र त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी जागेवर राहावं लागतं. थोड्या वेळाने दगड डावीकडे गेला.

"अगं, सरकलो आपण!"

"अहो, ती गाय आहे. चरतेय."

पोट धरून हसलो. मग हीच किनाऱ्यावरच्या देवळाकडे निरखून बघू लागली.

"मघाशी तो माड देवळासमोर होता ना हो?"

माड चरायला जात नाहीत.