चुकल्यावर मिळालेला चहा

स्पिरिटचा वास आला की इमर्जन्सी वॉर्डातला माझा पहिला आठवडा आठवतो. वाघोलीहून आणलेल्या तीन वर्षांच्या मुलीला झटके येत होते. वॉर्डातल्या मामांनी ऑक्सिजन लावला, सिस्टरांनी सलाईनसाठी शीर शोधली आणि मी घाईत मोठ्या माणसाचा डोस सांगितला. सांगितलेला डोस सिस्टर नेहमी मोठ्यानं परत म्हणत. या वेळी मात्र मुलीची आई शेजारी होती, म्हणून त्या हळूच म्हणाल्या, "बाळ बारा किलोचं आहे, डॉक्टर." मी चपापून डोस सुधारला, तो मात्र त्यांनी मोठ्यानं म्हटला आणि इंजेक्शन दिलं. झटके थांबले. नंतर मी माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "अहो, उद्या मी चुकले तर तुम्ही थांबवा. आधी चहा घ्या." गावच्या शाळेत चुकलं की छडी मिळायची, इथे चहा मिळाला; तो मला अजून पुरतो आहे.