ब्रांकोसर बाक शोधतात

सामन्याच्या दिवशी दुपारी जेवून झोपायचं म्हणजे झोपायचं, हा नियम पुण्याच्या या फुटबॉल संघाला त्याच्या जुन्या प्रशिक्षकांनी, ब्रांकोसरांनी लावला. ब्रांकोसर गेले, त्यांच्यामागून आलेले दोघेही गेले, नियम तेवढा राहिला. म्हणून धैर्यशील सरनोबत हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून, चादर गळ्यापर्यंत घेऊन पडलाय. डोळा लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. एसीची घरघर मधेच कोल्हापुरातल्या पिठाच्या गिरणीची होते आणि मग परत एसीची होते.

सकाळचा फोन काही डोक्यातून जात नाही. क्लबच्या नाडकर्णी साहेबांचा फोन. "निकाल काही लागो, उद्यापासून आग्नेल नाही. मुख्य प्रशिक्षक तू. पण सामना संपेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. त्याच्या कानावर गेलं आणि तो बाकावर बसायलाच आला नाही, तर तुझंही विसर."

मुख्य प्रशिक्षक. धैर्यशील पेठेतल्या तालमीकडून खेळला, गुडघा गेला, हातात शिट्टी आली, आणि तेव्हापासून तो कुणा ना कुणाचा सहायक आहे. मैदानावर शंकू मांडायचे, पोरांना पळवायचं, साहेब चिडले की पाण्याची बाटली पुढं करायची. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या शेजारी बसण्यात गेलं. आता कुठं ताट पुढ्यात आलंय, आणि ते नको म्हणण्याइतका तो काही संत नाही.

फक्त ज्याच्या पुढचं ते ताट ओढलंय तो माणूस आज जेवताना शेजारीच होता. आग्नेल कुलासो, मडगावचे, संघाचे मुख्य प्रशिक्षक. तीन वर्षं एकट्यानं भाड्याच्या खोलीत काढलेला हा माणूस आज भलताच खुशीत होता. "मारिया आज पोराच्या शाळेत जातेय, दाखला काढायला," ते सांगत होते. "चारपर्यंत मिळेल म्हणे. एकदा काढला की ती जागा गेली, तिकडे रांग लागलीय नुसती. पण आता ठरलं ते ठरलं. पुढच्या आठवड्यात सगळं बिऱ्हाड इकडे." धैर्यशील "बरं झालं सर" म्हणाला, ते दह्याच्या वाटीकडे बघून.

पापण्या जड होतात. गिरणी पुन्हा सुरू होते.

"झोपलास व्हय रं?"

खिडकीपाशी खुर्चीवर ब्रांकोसर बसलेत. तोच निळा ट्रॅकसूट, तेच एका बाजूला कललेलं मोडकं नाक, पायाशी तपकिरी बॅग. ब्रांको मरासोविच दोन वर्षांपूर्वी क्रोएशियात, समुद्राकाठच्या शिबेनिक गावात, हृदय बंद पडून वारलेत हे धैर्यशीलला पक्कं ठाऊक आहे. तरी भीती वाटत नाही. नवल एवढंच वाटतं की सर कोल्हापुरी बोलतायत. जिवंतपणी त्यांचं मराठी "चला चला" आणि "तिखट नको" एवढ्यावर संपायचं, आणि इंग्रजी असं की ते एकट्या धैर्यशीललाच कळायचं. त्या एका गुणावर हा सहायक झाला, असं पोरं चिडवायची.

"आलासा कधी, सर?"

"मगाशीच. ऊठ. माझा बाक घावंना. सामना सुरू व्हायला आलाय, आन् मी कुठं बसायचं ते कोण सांगंना."

धैर्यशील उठतो. न्हाणीघराचं दार उघडतो तर बाहेर कोल्हापूरचं स्टेडियम आहे. पायऱ्यापायऱ्यांवर माणूस बसलेला, शेंगांच्या टरफलांचा खच, पेठेचे झेंडे. पुण्यातून नारळ मिळाल्यावर सर विमानाआधी चार दिवस धैर्यशीलच्या घरी येऊन राहिले होते. तालमीच्या लोकांनी त्यांना फेटा बांधून असंच इथं बसवलं होतं, आणि दोन्ही संघांना सारखंच "चला चला" ओरडून त्यांनी घसा बसवून घेतला होता. धैर्यशीलनं त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आत्ता मात्र एवढ्या गर्दीत कुणाचा आवाज नाही. माणसं तोंड उघडतात, मिटतात. खाली बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलंय.

"ह्यो न्हवं," सर म्हणतात आणि पायऱ्या उतरायला लागतात.

शेवटची पायरी उतरली की इराणातलं इस्फहान. दुतर्फा चिनार, पहाटेची थंडी, रस्ता रिकामा. सर बॅग घेऊन पुढं, धैर्यशील अनवाणी मागं.

"हितं गाडी यायची मला न्यायला. एक दिवस आली न्हाई. मला वाटलं, डायवर आजारी असंल. चालत गेलो. मैदानात माझी पोरं पळत हुती, आन् शिट्टी दुसराच वाजवीत हुता. पोरांनी मला बघितलं. एकानं हात वर केला आन् परत खाली घेतला."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"कोण सांगतंय?"

चिनार संपतात तिथं इस्त्रीवाल्याचं दुकान आहे, कोळशाचा वास आहे. हे ट्युनिशियातलं स्फाक्स. आतला म्हातारा सरांचा ट्रॅकसूट चुरगाळलेलाच परत देतो आणि मान वळवतो. इस्त्रीवाल्यालाही कळलं होतं. दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर पडावं तर तांबडी माती, घानातलं कुमासी. मैदानाकडेला बाक, बाकावर पाठमोरा माणूस. "ह्यो पन न्हवं." सरांचा आवाज चढायला लागलाय. धैर्यशीलच्या तळव्यांना माती गरम लागते. मग ओमान, मग व्हिएतनाम, मग पुन्हा कुठलं तरी गाव ज्याचं नाव सरांनाही आठवत नाही. सगळीकडे गवत तेच, चुन्याच्या रेघा त्याच, आणि बाकावर पाठमोरं कुणीतरी.

मग एक लांबलचक टेबल. ताटं मांडलेली, पुलाव वाफाळतोय. उझबेकिस्तानातल्या नमंगानची भोजनशाळा, पण खिडकीतून पुण्याची टेकडी दिसते. सर बसतात. धैर्यशील शेजारी बसतो, कारण शेजारी बसायची त्याला सवय आहे.

"हितला माझा सहायक लई गुणी पोरगा," सर म्हणतात. "रोज माझ्यासंगं जेवायचा. एक दिवस मी मीठ मागितलं. त्यानं दिलं, पन माझ्याकडं न बघता दिलं. मी वळखलं. लेका, आधी कायम सहायकालाच कळतंय. मालक पयला त्यालाच फोन करत्यात. मग तो जेवतो शेजारी बसून, आन् ताटाकडं बघत बसतो."

धैर्यशील ताटाकडं बघतो. ताटात दही आहे.

"काढलं त्याचं मला काय न्हाई," सर म्हणतात. "ह्या धंद्यात शिरतानाच ठावं असतंय. हरलं की जायचं. पन समद्यांस्नी ठावं असावं आन् माझं मलाच नसावं, ही लाज लई वाईट. मी आपला दुसऱ्या दिवसाची तयारी करतोय. फळ्यावर खडूनं रेघा मारतोय. आन् मागं बसलेली पोरं खाली बघत्यात."

"पुण्यात मी सांगितलं होतं तुम्हाला," धैर्यशील म्हणतो. स्वतःच्याच आवाजातली घाई त्याला ऐकू येते.

"हां. तू बोलून गेलास. मैदानात, समद्यांच्या देखत. अक्कल नव्हती तुला." सर पहिल्यांदा हसतात. "त्या दिवशी मी खोलीवर जाऊन दाढी केली. सूट घातला. एकेका पोराचा हात हातात घेतला, माळ्याला भेटलो, आचाऱ्याला भेटलो. एवढे देश फिरलो, पन फाटकातनं आपल्या पायानं चालत भाईर पडलो तो तिथनं एकदाच."

तेव्हा धैर्यशील पोरगा होता, त्याचं काही जाणार नव्हतं. आता जाणार आहे. हे सरांना सांगावं, सर समजून घेतील, असं त्याला वाटतं. पण टेबल नाही. दगडी पायऱ्या समुद्रात उतरल्यात, पाणी पायरीवर येतंय आणि जातंय. शिबेनिक. वरच्या बाजूला एक स्वयंपाकघर, टेबलावर फोन, खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेला ट्रॅकसूट.

"हितं मी वाट बघत बसलो," सर म्हणतात. "आज फोन येईल, उद्या येईल. कुठला तरी संघ हरतच असतोय, कुणाला तरी नवा मास्तर लागतोच. दाढी करून बसायचो. आता वाजायचा न्हाई म्हातारबा, झालं तुझं, एवढं जरी कोण म्हणालं असतं तर मी पोहाया गेलो असतो. समुद्र हितंच हुता की. बघ, दारात हुता."

पाणी आणखी एक पायरी वर येतं. सर वळतात आणि धैर्यशीलच्या दंडाला धरतात. पकड जिवंतपणी होती तशीच आहे, फक्त थंड.

"धैर्या, खरं सांग. आजचा सामना झाल्यावर मी असणार का?"

धैर्यशीलला कळतं की हा मेलेला माणूस आहे, याला काहीही सांगितलं तरी चालेल. त्याला हेही कळतं की हा प्रश्न सरांचा नाही. तो समुद्राकडं बघतो.

"असणार की, सर."

सरांचा चेहरा उजळतो. तो उजेड बघवत नाही. ते दंड सोडतात, धैर्यशीलच्या गालावर हलकेच थोपटतात, बॅग उचलतात आणि निघतात. आता समुद्र नाही. हॉटेलचा कॉरिडॉर आहे, लाल जाजम, दोन्हीकडं दारं. सर एका दारात शिरतात आणि दार बंद होतं. आतून आवाज यायला लागतो. बॅगेची चेन. हँगर. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज. सर कपडे लावतायत.

सरांनी कुठल्याच गावात बॅग पूर्ण उपसली नव्हती. धुतलेला सदरा परत बॅगेतच जायचा. असल्या धंद्यात कुणी बॅग उपसत नाही, मूर्खसुद्धा नाही. आणि आता ते कपडे लावतायत, कारण त्यानं सांगितलंय.

"सर," तो म्हणतो. "सर, बॅगेतले कपडे काढू नका."

आवाज थांबत नाही. शेजारच्या दारामागूनही तोच आवाज येतो, पलीकडच्याही. सगळ्या कॉरिडॉरमध्ये माणसं खण ओढतायत, सदरे घड्या करून ठेवतायत, भिंतीवर कुणाचा तरी फोटो लावायला खिळा ठोकतायत. कुठलं दार सरांचं ते कळेनासं होतं. तो समोरचं ठोठावतो. कुणी उघडत नाही. तो मुठीनं ठोठावतो, बोटांच्या हाडांनी ठोठावतो. "सर, राहू द्या. सर, ऐका माझं." लाकूड कडक आहे. हात दुखतोय. हात खरोखरच दुखतोय.

दार उघडतं.

धैर्यशील कॉरिडॉरमध्ये उभा आहे. पाय अनवाणी, चादर खांद्यावरून खाली घसरून जाजमावर पडलेली. झोपेत चालायची सवय त्याला उभ्या जन्मात नव्हती. समोर कमरेला टॉवेल गुंडाळलेले आग्नेल कुलासो, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा. पलीकडच्या खोलीतून दोन खेळाडूंची डोकी बाहेर आलीयत आणि पटकन आत गेलीयत.

"कितें जालें रे?" आग्नेल विचारतात. "दार मोडतोस काय? बस आली?"

बस नाही आली, असं म्हणून परत फिरता येईल. स्वप्न पडलं म्हणता येईल, आणि ते खोटंही होणार नाही. धैर्यशीलला नाडकर्णी साहेबांचा आवाज आठवतो, आणि आपल्याला मुख्य प्रशिक्षक व्हायचंय हेही आठवतं. अजूनही व्हायचंय, अगदी आत्तासुद्धा.

तो मान वर करतो आणि आग्नेलच्या डोळ्यांत बघतो.

"सर, वहिनींना फोन लावा. दाखला काढू नका म्हणावं."

का, असं आग्नेल विचारत नाहीत. हातातला वस्तरा ते टॉवेलला पुसतात. मग मागं वळतात, पलंगावर बसतात, फोन कानाला लावतात. तिकडे घंटा वाजत असावी, कारण ते भिंतीकडं बघत थांबलेत. गालावरचा फेस सुकायला लागलाय.

"उभा काय राहिलास," ते फोन कानाशी तसाच धरून म्हणतात. "आत ये. हात धू."

धैर्यशील हात बघतो. उजव्या मुठीची दोन हाडं सोलून निघालीयत आणि रक्त मनगटापर्यंत आलंय. तो आत जातो, नळ सोडतो आणि हात पाण्याखाली धरतो. चांगलंच झोंबतं. बाहेर आग्नेल बायकोशी कोकणीत हळू आवाजात बोलायला लागतात, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो नळ बंद करत नाही.