बेसिनवरचा साबण

चंदनी साबणाचा ओला वास आला की मला धंतोलीतल्या त्या दवाखान्यातलं बेसिन दिसतं. आईच्या उजव्या मनगटातली शीर दबली होती, बोटं सारखी बधिर पडायची; सकाळी भरती, संध्याकाळी घरी, एवढंच ऑपरेशन. सावनेरहून उपाशीपोटी आलेली आई आधीच घाबरलेली, त्यात सुजलेल्या हातातून काचेच्या हिरव्या बांगड्या निघेनात. "फोडा लागते, मावशी," नर्स म्हणाली, तशी आईनं हात पदराखाली ओढला. "माणूस जिताजागता समोर बसला, अन् बांगड्या फोडू? मले नाही करायचं ऑपरेशन-बिपरेशन!" मी तर भडकलेच; दोन महिने थांबून तारीख मिळाली होती. बाबा चारचौघांत आईशी धड बोलतही नसत. ते उठले, बेसिनवरचा साबण ओला करून घेऊन आले आणि सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला. "हात ढिला सोड वं, मी हळूहळू काढून राहिलो ना." एकेक करत आठही बांगड्या अख्ख्या उतरल्या, त्यांच्या रुमालात गेल्या. टाके निघाले त्या दिवशी त्यांनीच त्या परत चढवल्या, तसाच साबण लावून. गेल्या वर्षी बाबा गेले. आईच्या बांगड्या फोडायला बायका तिला घेऊन अंगणात बसल्या, कुणी दगडही आणला. मी मोरीतला साबण ओला करून आणला, त्यांच्यामधून वाट काढत तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, हात ढिला सोड." तिनं सोडला.