एक फेरा जास्त

झाडावर पन्नास फूट उंच, कमरेला करवत लटकवून, कप्पी निवांत केळं खायचा आणि साल खिशात ठेवायचा. बघणाऱ्यांना कौतुक वाटायचं. माझा मात्र नुसता जळफळाट व्हायचा. आता इतक्या वर्षांनी लपवून काय करू?

कप्पी हे नावही मीच ठेवलेलं. पुण्याला इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो. कप्पीवरून दोर टाकून वजन उचलायच्या गणितात हा दोनदा नापास झाला, आणि मी वर्गात पहिला. सिडनीला आम्ही मागेपुढे आलो. मी ऑफिसात गेलो, तो झाडं उतरवणाऱ्यांच्या ट्रकमध्ये बसला. हॅरिस पार्कच्या फ्लॅटवर मित्र जमले की मी मुद्दाम विचारायचो, "काय रे, जमली का कप्पी?" तो हसायचा. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग कोविड आला आणि कंपनीने मला पहिल्या झटक्यात घरी बसवलं. व्हिसा तात्पुरता, सरकारी मदत नाही, परतायला विमान नाही. कप्पीचा फोन आला. धीर देणं वगैरे त्याला जमत नसे. खाली विंचवर माणूस हवाय, उद्या सातला ये, जाड बूट घाल, एवढंच म्हणाला. गेलो, पण मनात म्हटलं, बघू या, नापासाच्या हाताखाली किती दिवस निघतात.

घरांच्या दाटीत वाढलेलं मोठं झाड एकदम पाडता येत नाही, वरून तुकड्यातुकड्याने उतरवावं लागतं. बुंध्याला पट्ट्याने विंच, म्हणजे दोर आवरायचं यंत्र, घट्ट बांधायचा. ओंडक्याचा दोर वरच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या कप्पीतून खाली येतो. तो विंचच्या ड्रमवर गुंडाळायचा, हँडल फिरवून ढील काढायची आणि वर कापलं की दोर हळूहळू सोडत ओंडका अंगणात टेकवायचा. ड्रमवर फेरे जास्त, तर पकड जास्त. तो वरून लांबी ओरडायचा, मी वजन काढून फेरे ठरवायचो. आणि दर वेळी वरून यायचं, "हिशोब तुझा. फक्त एक फेरा जास्त घे."

माझ्या आकड्यावर याचा भरवसा नाही, म्हणून मी घरी धुसफुसायचो. एकदा माझी सात वर्षांची लेक म्हणाली, "बट बाबा, ही इज द वन अप देअर." घरातही त्याचीच बाजू.

वेस्टमीडला एका घराच्या छपरावर भलामोठा गम, म्हणजे निलगिरी, झुकला होता. शेजारच्या घरात हॉस्पिटलमधली एक नर्स रात्रपाळी करून झोपली होती. कप्पीने तिची झोप होईपर्यंत, दुपारी दोनपर्यंत, आम्हाला नुसतं बसवून ठेवलं आणि घरमालकाची बोलणी खाल्ली. उठल्यावर तिने कुंपणापलीकडून, मास्कआडून त्याचे आभार मानले. मला तेही खुपलं. त्याच तिरीमिरीत ठरवलं, आज जास्तीचा फेरा नाही.

"दोन मीटर," तो ओरडला. मी हिशोबाचे नेमके फेरे घेतले.

"एक जास्त घेतलास?"

"घेतला," मी खोटं बोललो.

ओंडका सुटला आणि दोर थांबेना. हातमोजे तापले. मी मागे रेलून सगळा जोर लावला, तेव्हा कुठे तो पन्हाळीला घासून थांबला. पन्हाळ चेपली. वर झाड झोकांड्या खात होतं आणि कप्पी त्याला मिठी मारून होता.

खाली आल्यावर त्याने शिवी दिली नाही. माझ्या हातात टेप ठेवली. ओंडका दीड मीटरच भरला.

"तू तर दोन म्हणालास."

"पहिल्या दिवसापासून कमीच कापतोय. तू सुकलेल्या लाकडाचा आकडा धरतोस. ओला गम फार जड असतो रे."

खाली आलेला एकही ओंडका मोजून बघावा, असं मला इतक्या महिन्यांत वाटलं नव्हतं. मग सांगितलं का नाहीस, म्हणून मी उलट त्याच्यावरच आवाज चढवला.

तो कमरेचे पट्टे सोडत राहिला. "नोकरी गेली होती तुझी. आकडेच काय ते उरले होते. ते पण चुकीचे आहेत, हे कुठल्या तोंडाने सांगू?" मग म्हणाला, "पण चुकलंच माझं. सांगायला हवं होतं. तूही खोटं बोलायला नको होतंस."

घरमालकाला त्याने आपलीच कापण्यात चूक झाली असं सांगितलं. त्या दिवसापासून मी ओल्या लाकडाचा आकडा धरला, ओंडके पुऱ्या मापाचे आले आणि एक फेरा मी न सांगता जास्त घेऊ लागलो.

राज्यांच्या सीमा उघडल्यावर तो डार्विनला गेला. निघताना मी त्याला प्रथमच खऱ्या नावाने हाक मारली. कुणाला बोलावतोय म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. "कप्पीच म्हण," म्हणाला.

मला पुन्हा ऑफिस मिळालं, वरची जागाही मिळाली. परवा मीटिंगमध्ये पुण्याहून नवीन आलेल्या एका इंजिनिअर मुलीचा आकडा चुकला. मी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत दाखवून दिला. मी बरोबरच होतो. तिचा चेहरा उतरला. जागेवर येऊन बसलो आणि पुन्हा कप्पीचा हेवा वाटला. कप्पीनेही तिला सांगितलं असतं, पण मीटिंग संपल्यावर, बाजूला घेऊन. संपायला तर दहाच मिनिटं उरली होती.