कॅरिक खाडीतले पाळीव मासे

मासा हातात आला आणि फेस्टी मॅनियनला कळलं, हे जनावर आपल्या तळ्यातलं नाही.

ट्राउटच होता, दीड-दोन पौंडांचा. पण शेपटी झिजून खराट्यासारखी झालेली, छातीचे पर म्हणजे नुसते खुंट. अंग इतकं मऊ की अंगठा रुतावा. आणि वास असा, की कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं पावसात भिजून आठवडाभर पडलंय. फेस्टी चाळीस वर्षं ड्रिनॅनच्या तळ्यावर पाहुण्यांना होडीतून मासेमारीला नेत होता. इथला ट्राउट हातात धरला की तो कसा उसळतो, हे त्याच्या मनगटांना पाठ होतं. हा नुसता पडून होता, ओल्या मोज्यासारखा.

"मिस्टर मॅनियन, सुंदर आहे ना हो?" मिसेस थ्रॉपनं विचारलं.

ही इंग्लंडातल्या यॉर्कशरची बाई सत्तरीच्या पुढची. नवरा हिवाळ्यात गेला, त्याची गळाची काठी घेऊन ती एकटीच आयर्लंडला आली होती. जन्मात पहिल्यांदा तळ्यातल्या कॅरिक खाडीत गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकली होती तिनं, आणि तिसऱ्याच फेकीला मासा लागला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"झकास आहे बाईसाहेब," फेस्टी म्हणाला. "एक नंबर मासा."

तिनं त्याला मासा धरून उभं केलं आणि फोटो काढला. मग तिनं तोंड फिरवल्यावर फेस्टीनं ओंजळभर पाणी घेऊन चूळ भरली. तोंड काही साफ झालं नाही.

त्याचं असं झालं होतं, की एप्रिलभर तो न्यूमोनियानं अंथरुणाला खिळला होता. उठला तेव्हा कॅरिक खाडीच्या तोंडावर, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, जाळं लागलेलं; वरचा दोर दाबला की होडी आत जायची. मालाकी म्हणाला होता, "पाइक मासे आत शिरून ट्राउटची पिल्लं खातात मामा, म्हणून लावलंय." मालाकी गॅव्हिगन हा त्याच्या बहिणीचा, डेलियाचा मुलगा. काठावरचं हॉटेल त्याचं, पाहुणे त्याचे, फेस्टीची होडीही त्याच्याच धक्क्याला बांधलेली. भाच्यानं सांगितलं आणि मामानं ऐकलं.

मिसेस थ्रॉपला मासा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच फेस्टी खाडीवर जाऊन झुडपात बसला. थोड्या वेळानं मालाकी आला, पत्र्याची बादली काठीनं बडवत. ठण ठण ठण. आणि सबंध खाडीचं पाणी उकळायला लागलं. शेकडो मासे काठाशी येऊन एकमेकांच्या अंगावर चढत होते, तोंडं उघडी टाकून. मालाकी मूठ मूठ भरून तपकिरी गोळ्या फेकत होता.

फेस्टी झुडपातून बाहेर आला. "कुठून आणलीस ही घाण?"

मालाकी दचकला, पण सावरला. "मत्स्यशेतीवरून. सगळीकडे आणतात. अरे मामा, लोक एवढ्या लांबून येतात, चार दिवस पावसात भिजतात आणि रिकाम्या हातानं जातात. पुन्हा येतात का? कालच्या त्या म्हातारीला विचार. रात्री जेवताना सगळ्या टेबलांवर जाऊन सांगत होती."

"तिला मी खोटं सांगितलं."

"मग छानच सांगितलंस की!"

फेस्टीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याऐवजी तो घरी गेला, चाकूला धार लावली आणि होडी घेऊन जाळ्यापाशी आला. जाळ्याचा दोर हातात घेतला. चाकू लावला. आणि मग तिथेच थांबला, वाऱ्यानं होडी हलत होती तरी वल्ह्याला हात लावला नाही. जाळं कापलं तर हे सगळे तळ्यात जाणार. इथल्या माशांची अंडी खाणार, त्यांना आपले रोग देणार. कापणं म्हणजे भाच्याचं काम आपण पूर्ण करणं.

त्यानं चाकू मिटला. एकच मार्ग उरला होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यानं माशी बांधली. वडिलांनी शिकवल्यापासून त्यानं मे महिन्यात तळ्यावर उडणाऱ्या किड्यासारख्या हजारो माश्या बांधल्या होत्या, कोंबड्याच्या मानेचं पीस, पिवळं रेशीम, पारदर्शक पंख. आता हरणाचे तपकिरी केस गळाभोवती गच्च गुंडाळले आणि कात्रीनं कापून त्यांचा गोळा केला.

डेलिया दूध घेऊन आली होती. शेजारीच राहायची. तिनं वाकून पाहिलं. "हे काय रे? उंदराची लेंडी?"

"तुझ्या लेकाच्या माशांचं जेवण."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज उजाडताना, मालाकीची बादली वाजायच्या आधी, फेस्टी खाडीत असायचा. याला मासेमारी म्हणायची त्याला लाज वाटे. केसांचा गोळा पाण्यावर पडला की मासा आलाच. वारा बघायला नको, ढग बघायला नको, दबून बसायला नको. एकदा वल्हं चुकून होडीतल्या डब्यावर आपटलं, ठण्ण झालं, आणि पन्नासेक मासे होडीभोवती गोळा होऊन वर बघायला लागले. खायला मिळेल म्हणून आले होते बिचारे. फेस्टीनं एकेकाच्या डोक्यात सोटा घातला. तिसऱ्या सकाळी तो होडीच्या कडेवर ओणवा झाला आणि सकाळचा चहा तळ्यात ओकला. मालाकीची किळस होतीच, आता स्वतःच्या हातांचीही आली.

मेलेले मासे तो डेलियाच्या परसात आणायचा. पहिल्या दिवशी मांजरांनी खाल्ले, दुसऱ्या दिवशी हुंगून निघून गेली.

"माझ्याच लेकाविरुद्ध मला खड्डा खणायला लावतोस?" डेलिया म्हणाली.

"खणू नकोस. कुदळ दे."

तिनं कुदळ दिली. मग थोड्या वेळानं दुसरी घेऊन स्वतःच आली, आणि कोबीच्या वाफ्यापलीकडे दोघं बहीणभाऊ खणत राहिले.

दहाव्या दिवशी पाहुणे कुरकुरायला लागले. अकराव्या दिवशी मालाकी नेहमीपेक्षा लवकर आला. फेस्टी होडीत, पायाशी माशांचा ढीग.

"चोर आहेस मामा!" तो काठावरून ओरडला. "घरचाच चोर!"

"आहे."

"एवढं होतं तर जाळं कापायचंस! निदान मर्दासारखं झालं असतं."

"कापून काय करू? ही घाण सगळ्या तळ्यात सोडू? एकेक करून काढतोय, मालाकी. मलाही ओकारी येतेय. मदत करायची असेल तर ये होडीत."

मालाकी आला नाही. त्यानं फेस्टीची होडी धक्क्यावरून सोडवून घ्यायला लावली आणि हॉटेलचे पाहुणे दुसऱ्या नावाड्याकडे दिले. गावात सांगितलं की तापात मामाच्या डोक्यावर परिणाम झालाय. पबमध्ये लोक विचारायचे, "काय फेस्टी, आज मालाकीच्या खुराड्यातल्या किती कोंबड्या मारल्यास?" फेस्टी ग्लास संपवायचा. खाडीत मोजके मासे उरले होते, तेही त्यानं पलीकडच्या काठावरून चालत येऊन संपवले. जूनमध्ये मालाकीनं जाळं काढलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही. रिकाम्या खाडीला जाळं कशाला, एवढंच. डेलियानं रविवारचं जेवण दोनदा करायला सुरुवात केली. दुपारी मुलगा, सहा वाजता भाऊ.

पुढच्या मे महिन्यात मिसेस थ्रॉपचं पत्र आलं, हॉटेलला नव्हे, फेस्टीला. ती आली तेव्हा पर्समध्ये फोटो होता, चौकटीत बसवलेला. होडीत बसल्याबरोबर तिनं तो काढला.

फेस्टीनं वल्ही आत घेतली आणि सगळं सांगितलं. जाळं, बादली, गोळ्या, कोबीच्या वाफ्यामागचा खड्डा.

तिनं फोटो मांडीवर पालथा ठेवला. "त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही रडत होतात."

"मी नवऱ्यासाठी रडत होते. माशासाठी नव्हे." तिचा आवाज चढला. "वर्षभर हा फोटो आल्यागेल्याला दाखवला मी, मिस्टर मॅनियन. चर्चच्या चहापानाला नेला. आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं."

"शी!" ती म्हणाली. एवढंच. फोटो पर्समध्ये कोंबला आणि काठी जोडायला घेतली. "चला. मासे जिथे खरे आहेत तिथे."

चार दिवस फेस्टीनं तिला उत्तरेकडच्या खाड्यांमधून फिरवलं. वारा पूर्वेचा, पाणी थंडगार. मासा मिळाला नाही. तिसऱ्या दुपारी खडकांच्या कडेला एक ट्राउट माशीखाली पिवळाधमक उलटला, तिनं घाईनं काठी ओढली आणि तो गेला. तिनं असा शब्द उच्चारला की जो चर्चच्या चहापानाला कधी ऐकू आला नसता.

शेवटच्या दिवशी काठावर उतरल्यावर तिनं हात पुढे केला. हसली नाही.

"पुढच्या वर्षी मेचा दुसरा आठवडा. माझं नाव लिहून ठेवा."

"ठेवतो."

"मला अजून तुमचा राग आहे हो."

"असू दे," फेस्टी म्हणाला, आणि तिची बॅग उचलून मोटारीपर्यंत नेली.